आईचं तोरण, आबांचं स्टूल

आमच्या घरी दसऱ्याचं तोरण तीन माणसं मिळून करायची. आई ओवायची, आबा स्टुलावर चढून बांधायचे आणि वडील मध्ये उभे राहायचे. मध्ये उभं राहण्याला काय काम म्हणायचं, असं लहानपणी मला वाटायचं. त्या तिघांत अवघड काम वडिलांचंच होतं, हे ते गेल्यावर कळलं.

आबा म्हणजे वडिलांचे थोरले भाऊ. ते सोनगीरजवळच्या आमच्या गावी राहतात, शेती बघतात. आम्ही जळगावला. वडिलांची नोकरी तिथली, घरही तिथेच बांधलं. आमच्याकडे धाकट्या भावाची बायको मोठ्या दिराशी समोरासमोर बोलत नाही. ते आले की डोक्यावर पदर घ्यायचा, आत सरकायचं, चहाचा कप त्यांच्या हातात न देता कोणाकडून तरी पोचवायचा. मोठ्या दिरानंही तिचं नाव घ्यायचं नाही, तिच्याकडे बघून बोलायचं नाही. नव्या सुना यातलं काही पाळत नाहीत आणि मला त्याचा आनंद आहे. पण आईनं आणि आबांनी ते पाळलं. तिच्या लग्नाला चाळीसच्या वर वर्षं होऊन गेली, त्यात ही दोन माणसं एकमेकांशी एक शब्द बोलली नव्हती. भांडण म्हणाल तर कधीच नाही. आई आजारी पडली की आबा गावाहून शेळीचं दूध पाठवायचे आणि आबांच्या पथ्याचं लोणचं आई वेगळ्या बरणीत घालायची. फक्त बोलायचं नाही.

मग बोलणं वडिलांमार्फत चालायचं. दोघं एकाच ओट्यावर, चार हातांच्या अंतरावर. आबा वडिलांना म्हणायचे, "तिले सांग, उजवीकडे फुलं जास्त व्हई गयात." आईनं ते ऐकलेलं असायचं, तरी ती हात थांबवून वडिलांची वाट बघायची. वडील तिच्याकडे वळून गंभीर चेहऱ्यानं सांगायचे, "आबा म्हणतात, असलं भिकार तोरण त्यांनी जन्मात पाहिलं नाही." आई पदरात तोंड लपवून हसायची, आबा रस्त्याकडे बघत मिशीत हसायचे, आणि फुलं मात्र कमी व्हायची. वडील निरोपात मीठमसाला घालणार हे सगळ्यांना माहीत होतं. कधी गोड करायचे, कधी गाळून टाकायचे.

आईचं तोरण सुईदोऱ्याचं नसे. तिचं माहेर रावेरकडचं, केळीच्या बागांतलं. केळीचा घड उतरला की खांब टाकून देतात, त्याची सालपटं ती आणवायची. त्यांना सोपट म्हणतात. ते रात्रभर भिजवून नखानं पट्ट्या काढायच्या, पीळ द्यायचा, की दोरी तयार. सुतळीनं पानांचे देठ कापले जातात, सोपटानं नाही, असं तिचं म्हणणं. मग आंब्याची पानं ओल्या फडक्यानं पुसून तिच्यापुढे यायची. पानाचं टोक उलटं दुमडून देठापाशी आणायचं, खराट्याच्या हिरानं टाचायचं, दुसरं पान त्याच्या कुशीत बसवायचं. मध्ये झेंडू. बरोब्बर मधोमध बाजरीचं कणीस आणि शेतातल्या कापसाचं एक फुटलेलं बोंड. हे शेवटचं आबांचं. कापसावर घर चालतं तर तो दारावर दिसला पाहिजे, असा त्यांचा निरोप लग्नानंतरच्या पहिल्या दसऱ्याला आला होता.

आमच्या गल्लीतल्या बायका आपापली पानं घेऊन आईकडे यायच्या. सकाळभर ओट्यावर पानांचा ढीग आणि बडबड. आपलं तोरण आई सगळ्यात शेवटी ओवायची, निवांत. ते झालं की ती ते उंबऱ्याशी पाटावर ठेवायची, कारण हातात द्यायचं नाही. वडील ते पाटावरून उचलून स्टुलावरच्या आबांना द्यायचे. थोरल्या माणसाच्या हातानं तोरण चढलं की सण सुरू.

एका वर्षी गणपतीनंतर वडील गेले. पुढचं वर्षभर आमच्याकडे सण नव्हता. दसरा, दिवाळी, पाडवा, आखाजी, सगळे दाराबाहेरून गेले. आईनं बांगड्या उतरवल्या, कुंकवाच्या जागी बारीक काळी टिकली आली, आणि यातल्या कशावर तिनं माझ्यापाशी चकार शब्द काढला नाही. मीच चिडचिड करत राहिले. ती म्हणायची, "जाऊ दे गं, त्यानं काय होतं."

मग वर्षश्राद्ध झालं. गावाहून आबा आले, त्यांच्याबरोबर त्यांची बायको, आमची मोठी आई. माणसं जेवून उठली आणि मोठ्या आईनं स्वयंपाकघरात आईला सांगितलं, "आते सण मोकळा व्हयना. दसराले तोरण पोरकडथून करी ले. तुन्हा हात आते चालाव नही."

म्हणजे सण आता मोकळा झाला, पण तोरण मुलीकडून करून घे, विधवेचा हात त्याला चालायचा नाही. हे आईनं मला फोनवर सांगितलं आणि सांगता सांगता ती रडायला लागली. बांगड्या गेल्या तेव्हा न रडलेली बाई तोरणासाठी रडत होती. मी म्हटलं, मोठ्या आईचं काय मनावर घेतेस, ती तर पंख्याच्या वाऱ्यालाही नावं ठेवते. तर आई म्हणाली, "ती तिच्या मनचं नाही बोलली. आबांनीच सांगायला लावलं असणार."

आता हे बाहेरच्या माणसाला पटायचं नाही, पण आमच्या घरात ते अगदी सरळ होतं. आबांचा शब्द आईपर्यंत यायच्या वाटा दोनच, वडील किंवा मोठी आई. वडील गेले, एक वाट बंद झाली. म्हणजे आता मोठी आई जे बोलेल ते आबांचं. शिवाय श्राद्धाला आबा दिवसभर बसून होते, दसऱ्याचं अवाक्षर काढलं नाही. दर वर्षी दसऱ्याला येतो म्हणणारा माणूस गप्प राहिला, याचा अर्थ आईनं तिच्या मनाशी लावून टाकला होता. "त्यांना नको असेल तर मी पानाला हात लावणार नाही," ती म्हणाली. "पण मला दुसरं येतं तरी काय?"

शेवटचं वाक्य माझ्या डोक्यात घर करून बसलं. आईला पुष्कळ काही येतं. पण गल्ली तिच्या दारात यायची ती तोरणासाठी, आणि वडील तिच्या शेजारी दिवसभर बसायचे तेही तोरणासाठीच. तेही काढून घेतलं तर त्या घरात ती नुसती स्वयंपाक करणारी बाई उरणार होती, तोही एकटीचा.

मला आबांचा भयंकर राग आला. मी धुळ्याला असते, संसार, नोकरी, सगळं आहे, पण मला राग आला की मी भांडी जोरात घासते. त्या आठवड्यात आमच्या घरातली भांडी लख्ख होती.

आणि अशात आबांचाच फोन आला. "बाई, दसराले जळगाव जाशी ना? माले बी लई चाल. पानं तोडेल शेतस."

मलाही घेऊन चल म्हणे, पानं तोडून ठेवलीत! म्हणजे तोरण हवं, कणीस हवं, बोंड हवं, फक्त आईचा हात नको. मी "बरं" म्हटलं आणि फोन ठेवला. खरं तर तिथेच बोलायला हवं होतं, पण म्हटलं, हे फोनवर नको. जळगावला ओट्यावर, चारचौघांत सुनावते.

दसऱ्याच्या सकाळी धुळ्याच्या स्टँडवर मी त्यांना घ्यायला गेले. एसटीतून उतरले ते पाठीवर ओल्या पोत्याचं गाठोडं घेऊन, एका हातात कणसांची पेंडी, धोतर गुडघ्याशी भिजलेलं. वय ऐंशीच्या आसपास. कंडक्टरनं गाठोडं उतरवायला हात लावला तर त्याच्यावर वसकले. मी गाठोडं गाडीच्या डिकीत टाकायला गेले तर म्हणाले, डिकीत गरम होतं, मागच्या सीटवर ठेव. एसी लावला तर म्हणाले, "खिडकी उघड. पानं कोमाई जातीन." म्हणजे पारोळा, एरंडोल करत सगळ्या हायवेची धूळ खात आम्ही जळगावला गेलो. वाटेत मी झेंडू घेतला. आबांनी फुलवाल्याशी भावावरून वाद घातला आणि मला वाद घालायला माणूसच उरला नाही.

रस्ताभर त्यांनी आईबद्दल एकच प्रश्न विचारला. "तुन्ही माय जेवस का बराबर?"

"जेवते," मी म्हटलं. आणखी बोलले असते तर गाडी बाजूला घ्यावी लागली असती.

माझ्या पिशवीत प्लास्टिकचं तोरण होतं, हे इथं सांगून टाकते. ऑनलाइन दोन मागवली होती. एक धुळ्याच्या माझ्या दारावर लटकत होतं, दुसरं जळगावसाठी. हुबेहूब आंब्याची पानं, धुऊन परत लावता येतात. मला तोरण ओवता येत नाही, आईनं शिकवलं नाही असं नाही, माझी बोटंच तशी नाहीत. मोठ्या आईच्या फर्मानाप्रमाणे पोरीनं ओवायचं तर पोरीची लाज राखायला काहीतरी हवं ना.

घरी पोचलो. आईनं ओटा धुऊन ठेवला होता. पाट होता, भिजवलेल्या सोपटाचं घमेलं होतं, नव्या खराट्याचे हीर सोलून ताटलीत होते. सगळी तयारी, आणि ती स्वतः आत, समोरच्या खोलीत, दाराच्या आड खुर्चीवर. गल्लीत बाकीच्या दारांवर तोरणं लागलेली होती, बरीचशी विकतची. त्या वर्षी कोणी पानं घेऊन आलं नव्हतं. दुःखाचं घर, त्रास कशाला द्यायचा, असं सगळ्यांनी आपापलं ठरवलं असणार.

आबा ओट्याच्या दुसऱ्या टोकाला त्यांच्या नेहमीच्या खुर्चीवर बसले, तोंड रस्त्याकडे. मी मांडी घालून बसले. गाठोडं सोडलं. पानं गर्द हिरवी, एकेक वीतभर, वास घरभर गेला. दारामागे आईची खुर्ची करकरली, पण ती उठली नाही.

पहिलं पान दुमडताना मधूनच फाटलं. दुसरं टाचलं तर हीर मोडला. तिसरं जमलं म्हणून मी खूश झाले, तेवढ्यात आतून आवाज आला, "पान उलटं धरलंस. पाठ बाहेर आली."

"मग ये ना बाहेर!" मी म्हटलं.

आतली खुर्ची पुन्हा करकरली.

थोड्या वेळानं माझ्या तोरणाची एक बाजू झाली. एक पान लांब, एक आखूड, झेंडू कलंडलेले. आबांनी मान वळवून ते पाहिलं, परत रस्त्याकडे पाहिलं, परत तोरणाकडे पाहिलं. मी वैतागून प्लास्टिकचं पाकीट काढलं. "हे लावू या का सरळ?" त्यांनी ते हातात घेतलं, पानावरून अंगठा फिरवला, नाकाला लावलं आणि काही न बोलता घडी घालून माझ्या पिशवीवर ठेवलं. मग म्हणाले, "तुन्ही माय मझार काय करी ऱ्हायनी?"

आत काय करते आहे म्हणे! इतके दिवस घासलेली सगळी भांडी माझ्या डोक्यात वाजली. "काय करणार आबा? तुम्हीच सांगितलंत ना, तिचा हात चालणार नाही म्हणून! बसली आहे बिचारी दाराआड. तयारी सगळी तिनं करायची, पानाला मात्र शिवायचं नाही. तुम्हाला बरं वाटतं का हे?"

शेजारचं दार उघडं होतं. मला त्याची पर्वा नव्हती.

आबा माझ्याकडे वळले. "मी? मी कवय बोलनू?"

"मोठी आई बोलली. श्राद्धाच्या दिवशी."

त्यांनी टोपी काढली, डोक्यावरून हात फिरवला, टोपी परत घातली. "ती तिन्ही अक्कल शे. मन्ही नही." मग जरा थांबून, आवाज चढवून, "मी बोलतू तं हाई वझं कसाले वाही लई उनू?"

खरंच की. नको असतं तर एवढं ओझं पाठीवर घालून हा माणूस कशाला आला असता? हे मला धुळ्याच्या स्टँडवरच सुचायला हवं होतं. पण राग आला की माझं डोकं चालत नाही, तोंडच चालतं. मी हातातली पानं टाकून आत पळाले.

"ऐकलंस ना? आबा म्हणतात, त्यांनी असं काही सांगितलंच नव्हतं. ते मोठ्या आईचं होतं. चल बाहेर."

आईनं मान हलवली. "तू तुझ्या मनचं सांगतेस."

"अगं, मनचं कसं? तू इथेच बसली आहेस. ते एवढ्या मोठ्यानं बोलले."

"मला नाही ऐकू आलं."

तिनं शब्द न् शब्द ऐकला होता. दार सताड उघडं होतं आणि आबांचा आवाज पार कोपऱ्यावरच्या पिठाच्या गिरणीपर्यंत गेला असेल. पण ऐकू आलेलं आणि सांगितलेलं यांत आमच्या घरात फरक होता. तिला सांगितलेलं हवं होतं.

"मी सांगतेय ना."

"तुझे वडीलही सांगायचे," ती म्हणाली. "गोड करून. मला वाईट वाटू नये म्हणून काय काय गाळायचे, देव जाणे. त्यांचं मी चालवून घेतलं. ते मजा करायचे. आता तूही तेच करशील आणि मी बाहेर येऊन बसेन, आणि त्यांच्या मनात नसेल तर? ते स्टुलावर चढायचे नाहीत. सगळ्या गल्लीसमोर ते तोरण पाटावर पडून राहील." तिनं पदराचं टोक बोटाला गुंडाळलं. "त्यापेक्षा मी इथं बरी."

तेव्हा मला कळलं, ती कशाला घाबरत होती. तिला नियमाची भीती नव्हती. ओवलेलं तोरण कोणी उचललंच नाही तर, ही भीती होती. वडील होते तोवर ते उचललं जाणार याची खात्री होती. वडिलांची जागा मी घ्यायला गेले होते आणि माझं पहिलंच सांगणं परत आलं होतं.

बाहेर खुर्ची सरकली. आबा उठले होते. गुडघ्यांवर हात ठेवत, हळूहळू ते दारापर्यंत आले आणि उंबऱ्याबाहेर थांबले. चौकटीला एक हात. आईनं झटकन पदर पुढे ओढला आणि तोंड भिंतीकडे केलं.

आबांनी तोंड उघडलं आणि परत मिटलं. मला आधी वाटलं दम लागलाय. मग लक्षात आलं, तिला काय म्हणायचं हेच त्यांना ठाऊक नव्हतं. चाळीस वर्षांत तिला हाक मारायची वेळच आली नव्हती. वडिलांपाशी ती 'ती' होती, माझ्यापाशी 'तुन्ही माय', मोठ्या आईपाशी 'धाकली'. तिच्या स्वतःसाठी त्यांच्याकडे शब्द नव्हता.

"माय," ते शेवटी म्हणाले. जमिनीकडे बघत, पण तिलाच. "माय, तुन्हा हातले काही व्हयेल नही. तोरण तूच कर. दुसरं कोन्हं मी बांधाव नही."

तुझ्या हाताला काही झालेलं नाही, दुसऱ्या कोणाचं तोरण मी बांधणार नाही. एवढंच. मी आईकडे पाहिलं. तिची पाठ हलत होती. आबा लगेच वळले आणि आपल्या खुर्चीकडे गेले, जणू कोणी बघेल म्हणून.

आई बाहेर आली. पदर डोक्यावर होता, डोळे लाल होते. ती माझ्या जागी बसली आणि पहिलं काम काय केलं असेल, तर माझ्या तोरणाचे सगळे हीर उपसून काढले. एक पानसुद्धा ठेवलं नाही. मला जरा लागलंच ते. मग तिनं सोपटाची पट्टी घमेल्यातून उचलली, दोन बोटांत धरून पीळ दिला, आणि हात चालू झाले. वर्षभर बंद असलेले हात, पहिली दोनतीन पानं जरा अडखळले, मग नाही. मी पानं पुसून देत होते. पान, हीर, पान, फूल.

आबा रस्त्याकडे बघत बसले होते. बराच वेळ गेल्यावर ते बोलायला लागले. आधी म्हणाले, "बाई, तिले सांग..." आणि थांबले. मग 'सांग' वगळून, सरळच बोलले. श्राद्धाला ते दिवसभर बसून होते ते वाट बघत. दर वर्षी भाऊ म्हणायचा, आबा, दसऱ्याला या, तुमच्याशिवाय तोरण कोण बांधेल. "यंदा कोन्ही बलावं नही," ते म्हणाले. "माले वाटनं, आते मन्ही गरज नही. भाऊ गया, घर बी गयं. मंग पानं पाही पाही राहवायनं नही. तोडात आन् उनू."

बिनबोलावता आले होते. ऐंशीच्या घरातला, सगळ्या भाऊबंदांना धाकात ठेवणारा माणूस, लहान भावाच्या घरी बिनबोलावता. आई गप्प राहिली त्याचा अर्थ त्यांनी लावला, ते गप्प राहिले त्याचा अर्थ तिनं लावला. दोन्ही अर्थ साफ चुकीचे. एकमेकांना विचारायचं तर विचारणारा माणूस राहिला नव्हता. मी पानं पुसता पुसता रडत होते आणि ते लपवायचा प्रयत्नही केला नाही.

आईचे हात थांबले नाहीत. पण मान किंचित त्यांच्या बाजूला वळली होती.

तोरण झालं. मधोमध कणीस, बोंड. तिनं ते दोन्ही हातांवर तोलून पाहिलं आणि सवयीनं उंबऱ्याशी पाटावर ठेवलं. आबा स्टुलावर चढले, मी स्टूल धरलं. त्यांनी हात खाली केला आणि तसाच राहिला. ज्यानं ते पाटावरून उचलून द्यायचं तो नव्हता. आम्ही तिघंही एक क्षण त्या मोकळ्या जागेकडे बघत राहिलो. माझा हात पुढे जात होता. मी स्टूल सोडलं असतं तर आबा खाली आले असते, म्हणून मी थांबले, असं मी पुढे सगळ्यांना सांगत आले. खरं म्हणजे आई माझ्या आधी वाकली होती.

तिनं तोरण उचललं आणि वर धरलं. आबांनी एक टोक घेतलं, डावीकडच्या खिळ्याला गुंडाळलं. दुसरं टोक तिच्या हातात होतं. दोघांच्या हातांत एकच तोरण, मध्ये पानं लोंबत होती. मग त्यांनी दुसरं टोकही घेतलं, बांधलं, सोपटाची गाठ दातानं आवळली.

"आबा," आई म्हणाली.

मी दचकले. आबा तर स्टुलावर डुगडुगले. तिच्या तोंडून ती हाक मी कधी ऐकली नव्हती.

"पानं फार जून आणता तुम्ही. दुमडताना मोडतात. दर वर्षी बोटं सोलून निघतात माझी." ती एका दमात बोलली, पदर सारखा करत. "जरा कोवळी बघून तोडत जा."

आबा वरून तिच्याकडे बघत राहिले. थेट तिच्याकडे. "इतला वरीस जून पानं लई उनू मी, आन् तू आते सांगी ऱ्हायनी?"

"यांना दर वर्षी सांगत होते," आई म्हणाली. "दर वर्षी म्हणायचे, सांगितलं."

आबांना हसू फुटलं, आणि हसता हसता त्यांनी चौकटीला डोकं टेकलं. त्यांचे खांदे हलत होते. भावानं हा एक निरोप कधीच पोचवला नव्हता. थोरल्या भावाची पानं जून असतात, हे त्याच्यानं म्हणवलं नसणार. आईही हसत होती. तोंडावर पदर न घेता. ती वर्षभरात हसली नव्हती, हे ती हसल्यावर माझ्या लक्षात आलं.

आबा माझा खांदा धरून खाली उतरले. डोळे पुसले, टोपी नीट केली, तोरण सरळ आहे का ते रस्त्यावर जाऊन बघून आले. मग ओट्याच्या पायरीशी उभे राहून म्हणाले, "पुढला साल कवळा पानं लई येसू."

आई दारातच उभी होती. तिनं माझ्याकडे पाहिलं नाही.

"या," ती म्हणाली.